दसऱ्याला सुरू होणारं गुलाबाचं वर्ष

जोयड्यात गुलाब टिकत नाही, ही तक्रार रामनगरपासून कुंभारवाड्यापर्यंत कुठेही ऐकायला मिळते. तक्रार खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. मृगाच्या आधी रोपवाल्याचा टेम्पो येतो, त्यात दोन-चार कळ्या धरलेली गुटगुटीत कलमं असतात, माणूस हौसेने एखादं घेऊन दारात लावतो. जुलैत त्याची पानं ठिपके पडून पिवळी होतात आणि गळतात. ऑगस्टमध्ये फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली उतरतात. गणपतीपर्यंत वाफ्यात काटेरी काड्या उरतात, आणि पुढच्या वर्षी त्या जागी जास्वंद नाहीतर अबोली लागलेली असते.

यात रोपाचा दोष नाही, लावणाऱ्याचाही नाही. दोष आहे तो कॅलेंडरचा. मराठीत गुलाबाविषयी जे लिहिलं गेलं ते मुख्यतः पुण्या-नाशिकच्या अनुभवावर. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे जूनमधली छाटणी चालते, पावसाळी बहारही चालतो. जोयड्यात पाऊस त्याच्या तिप्पट तरी, आणि कॅसलरॉकच्या बाजूला त्याहून कितीतरी जास्त. थंड देशांतला माळी गुलाबाचं वर्ष बर्फावरून मोजतो. जोयड्यातल्या माळ्याने ते पावसावरून मोजायला हवं. इथे गुलाबाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि होळीच्या पुढेमागे संपतं. उरलेले महिने रोप नुसतं जिवंत ठेवायचं, त्याच्याकडून फुलाची अपेक्षा करायची नाही. एवढं पत्करलं तर वासाचा हायब्रिड टी या तालुक्यात उत्तम येतो.

जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. गणेशगुडीला काळी नदीवर धरण झालं, त्याच्या पाण्यात सुपा गाव गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, उठलेल्यांपैकी कित्येक कुटुंबं रामनगरला वसली. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा आणि पलीकडे गोवा. अरबी समुद्राकडून आलेले ढग या कड्यावर चढतात आणि रिते होतात. जमीन बहुतेक जांभ्याची: तांबडी, आंबट, पाण्याने धुपून निघालेली. पण नोव्हेंबर लागला की चित्र पालटतं. रात्री अंगावर पांघरूण घ्यावं लागतं, सकाळी नदीकाठी धुकं, दहा वाजल्यावर स्वच्छ ऊन, आणि फेब्रुवारीपर्यंत पावसाचं नाव नाही. हायब्रिड टीला याहून अधिक काही लागत नाही.

मग पावसाशीच त्याचं एवढं वाकडं का? उत्तर त्याच्या घराण्यात आहे. हायब्रिड टी म्हणजे लांब दांड्यावर एकच टपोरी, टोकदार कळी धरणारा गुलाब. युरोपातले जुने गुलाब, दमास्क वगैरे, सुवासिक आणि काटक होते, पण बहुतेक वर्षातून एकदाच फुलायचे. चिनी गुलाब अंगाने नाजूक, पण पुन्हा पुन्हा फुलणारे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हे चिनी गुलाब व्यापारी जहाजांतून युरोपात जाऊ लागले. वाटेत कलकत्त्याला त्यांचा मुक्काम पडे, त्यामुळे युरोपात त्यांना कित्येक वर्षं बंगालचे गुलाब म्हणत. दोन्ही घराण्यांचा संकर होत होत १८६७ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात गियो यांच्या रोपवाटिकेतून ‘ला फ्रान्स’ बाहेर पडला. तो पहिला हायब्रिड टी मानला जातो.

या घराण्यात झळझळीत पिवळा रंग नव्हता. तो आणण्यासाठी ल्योंच्याच पेर्ने-दुशे यांनी इराणकडच्या कोरड्या मुलखातल्या एका पिवळ्या गुलाबाशी संकर केला आणि १९०० मध्ये ‘सोलेय दॉर’ आणला. आज बागेत दिसणारे पिवळे, केशरी, शेंदरी हायब्रिड टी बहुतांशी या पिवळ्या पाहुण्याचे वंशज. रंग मिळाला, पण त्याबरोबर काळ्या ठिपक्याच्या रोगाला चटकन बळी पडण्याची खोडही घरात शिरली. कोरड्या हवेत त्या झाडाला या बुरशीशी झुंजायची वेळच फारशी आली नसावी. वाळवंटाच्या कडेचं हे रक्त घेऊन आपण ते सह्याद्रीच्या पागोळीखाली उभं करतो.

काळा ठिपका ही ‘डिप्लोकार्पन रोझी’ नावाची बुरशी. तिचा बीजाणू पानावर पडला तरी लगेच आत शिरत नाही. पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं, आणि हवा अठरा ते चोवीस अंशांच्या आसपास असली तर तिचं फावतं. जोयड्यातला जुलै आठवून पाहा: पान सात तास कसलं, सात-सात दिवस सुकत नाही. ठिपक्याची कड जवळून पाहिली तर ती सरळ नसते, शाईचा थेंब टीपकागदावर पसरावा तशी तुसाळ असते. भोवतालचं पान पिवळं पडतं आणि गळतं. गळलेल्या पानात बुरशी जिवंत असते. पावसाचा थेंब जमिनीवर आपटला की तिचे बीजाणू उडून खालच्या पानांवर बसतात, तिथून वर चढतात. म्हणून पावसाळ्याआधी दोन कामं निमूटपणे करावीत. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं काढून टाकावीत, आणि आळ्यात भाताचा पेंढा किंवा सुकलेला पाला जाड पसरावा, म्हणजे थेंब मातीवर न आपटता पाल्यावर पडेल. गळलेली रोगट पानं मात्र वेचून जाळावीत. ती खतात घालू नयेत.

इतकं करूनही पानं गळतील. गळू द्या. या काळात खत दिलं की कोवळी फूट येते आणि तीच आधी सडते, म्हणून जून ते सप्टेंबर खत पूर्ण बंद. कळी आली तर खुडावी. कुंडीतली रोपं असतील तर काम सोपं: ती पडवीच्या कडेला, पागोळीच्या आत, पण उजेडात सरकवावीत. पाऊस थेट पानावर पडला नाही तर निम्मा रोग टळतो. माझं स्पष्ट मत असं की दोन-तीनच रोपं ठेवायची असतील तर जोयड्यात ती कुंडीतच ठेवावीत. बारा-चौदा इंचांची मातीची कुंडी पुरते.

फांदी शेंड्याकडून वाळत येणं, म्हणजे शेंडेमर, हा आपल्याकडे काळ्या ठिपक्याहून घातक रोग. ठिपक्याने पानं जातात, शेंडेमरीने झाड जातं. ती बुरशी कापलेल्या किंवा मोडलेल्या जागेतून आत घुसते आणि गाभ्यातून खाली उतरते. तिच्यावरचा उतारा या तालुक्यातल्या सुपारीच्या बागायतदाराकडे आधीपासूनच असतो. कोळेरोगापासून सुपारी वाचवायला तो पावसाच्या तोंडावर घडांवर बोर्डो मिश्रण फवारतो: शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. तेच मिश्रण दहापट घट्ट केलं की मलम होतं. घरापुरतं करायचं तर शंभर ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवावा, शंभर ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये. दोन्ही भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची, धातूची नकोत. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळावं. मग घासून लखलखीत केलेली लोखंडी सुरी मिनिटभर त्यात बुडवावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालावा. पातं कोरं राहिलं तर मलम तयार. छाटणीच्या प्रत्येक तोंडाला हे ब्रशने लावायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. एक सावधगिरी मात्र हवी. सुपारीवर चालतं म्हणून हेच मिश्रण पावसाळी हवेत गुलाबाच्या कोवळ्या पानांवर फवारू नये, तांब्याने पानं भाजतात. पानांसाठी दोन-तीन दिवसांची उघडीप बघून मॅन्कोझेब, लिटरला दोन ग्रॅम, तोंडाला फडकं बांधून फवारावं.

जमिनीतच लावायचं असेल तर पहिला प्रश्न पाण्याच्या निचऱ्याचा. खड्डा काढून त्यात रोप लावायची पुण्याकडची पद्धत इथे उलटते. जांभ्यात कोरलेला खड्डा पावसाळ्यात विहीर होतो. जोयड्याचे कुणबी शेतकरी कंद लावताना माती ओढून उंचवटा करतात. ज्यांनी जोयड्याचा कंदमेळा पाहिला आहे त्यांना हाताएवढाले कंद कसल्या मातीत पोसतात हे सांगायला नको. गुलाबालाही तसाच उंचवटा द्यावा: सभोवारच्या जमिनीपेक्षा फूटभर वर, दोन रोपांत तीन फूट अंतर. पुस्तकात अडीच फूट लिहिलेलं असतं, पण इथे पानं सुकायला वारा खेळता लागतो. सकाळचं ऊन मिळेल अशी जागा दुपारच्या उन्हाच्या जागेपेक्षा सरस, कारण दव लवकर सुकतं.

दुसरा प्रश्न आंबट मातीचा. गुलाबाला सामू सहा ते साडेसहा मानवतो, जांभ्याची माती बहुधा त्याच्या खाली असते. कारवारकडून येणारा शिंपल्यांचा चुना चौरस मीटरला दीडशे-दोनशे ग्रॅम मिसळावा आणि शेणखत घालण्याआधी तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत. दोन्ही एकदम घातली तर खतातला नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जातो. रोप घेताना खुंट कुठला आहे तेही विचारावं. मल्टिफ्लोरा जातीच्या खुंटाला आंबट जमीन सोसते. रोपवाल्याला सांगता आलं नाही तर दुसरा रोपवाला पाहावा.

आता वासाकडे. तळेगावच्या पुष्पोद्यानातल्या पॉलिहाऊसमधून फेब्रुवारीत परदेशी जाणारे लाल गुलाब दिसायला देखणे असतात, पण नाक जवळ नेलं तर हाती फारसं काही लागत नाही. त्या फुलांची निवड दांड्याची लांबी, शीतगृहात तग धरणं आणि फुलदाणीत जास्त दिवस टिकणं यांवर झाली. वास त्या परीक्षेत विषयच नव्हता. न निवडलेला गुण पिढ्यान् पिढ्या हळूहळू गळून जातो. हे कसं घडतं याचा एक धागा २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फ्रेंच संशोधकांनी मांडला. त्यांनी दोन गुलाब शेजारी ठेवले: घमघमणारा ‘पापा मेयां’ आणि जवळजवळ वास नसलेला ‘रूज मेयां’. पाकळीतला जिरॅनिऑलसारखा सुगंधी रेणू तयार होण्यात एका वेगळ्याच विकराचा हात असल्याचं त्यांना आढळलं. तोवर वनस्पतींत असे रेणू दुसऱ्याच विकरांमुळे बनतात असं धरून चालत. या विकराचे भाऊबंद पेशीतली सफाई करणारे म्हणून ओळखले जात. अत्तराच्या कारखान्यात त्यांची कुणी अपेक्षा केली नव्हती. ‘पापा मेयां’मध्ये त्याचं जनुक जोरात चालतं, ‘रूज मेयां’मध्ये ते जवळजवळ गप्प असतं.

जिरॅनिऑल हा वासाचा एक भाग. फिनाइल इथेनॉल हा गुलाबपाण्याचा ओळखीचा गोडवा. चिनी टी गुलाबांकडून आलेला, चहापत्तीच्या डब्याची आठवण करून देणारा वास वेगळ्याच रेणूंचा. ही द्रव्यं पाकळीतून हवेत जातात तेव्हाच आपल्याला वास येतो, आणि त्याला थोडी ऊब लागते. म्हणून डिसेंबरच्या पहाटे धुक्यात वाकून हुंगलं तर निराशा होते, आणि नऊ-दहाला ऊन चढलं, वारा नसला की तेच फूल अंगणभर दरवळतं. दुपारपर्यंत बरंच उडून गेलेलं असतं. कनौजचे अत्तरवाले पहाटेच फुलं तोडतात ती यासाठीच, द्रव्य पाकळीत असतानाच. घरात वास हवा असेल तर आपणही अर्धी उमललेली कळी सकाळी लवकर कापून आत आणावी. खोलीच्या उबेत ती स्वतःच बोलू लागते.

जाती निवडताना एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘पापा मेयां’, ‘मिस्टर लिंकन’ आणि ‘ओक्लाहोमा’ हे तिन्ही गडद लाल, तीव्र वासाचे गुलाब एकाच जोडीची मुलं: ‘क्रायस्लर इम्पीरियल’ आणि ‘शार्ल मालेराँ’. पहिला फ्रान्समध्ये १९६३ मध्ये, उरलेले दोन अमेरिकेत त्याच सुमाराला आले. वासात पापा मेयां वरचढ म्हणतात, पण त्याला भुरी फार. जोयड्यासाठी मी मिस्टर लिंकनची शिफारस करेन, अंगाने तो दणकट आहे. ‘डबल डिलाइट’ १९७७ चा. साईच्या रंगाच्या पाकळीला लाल कड, वास मसालेदार. त्या कडेचा लाल रंग उन्हातल्या अतिनील किरणांनी चढतो, त्यामुळे सावलीत तो फिकाच राहतो. १९६३ चा जर्मन ‘फ्रॅग्रंट क्लाउड’ पोवळ्याच्या रंगाचा, वासाला भरपूर. दिल्लीचे डॉ. बी. पी. पाल यांनी गव्हाच्या पैदाशीबरोबर गुलाबाचीही पैदास केली, ‘डॉ. होमी भाभा’ नावाचा पांढरा हायब्रिड टी त्यांचाच. त्यांचं ‘द रोझ इन इंडिया’ हे १९६६ चं पुस्तक अजूनही हाताशी ठेवावं असं. आणि ज्याला डोक्याला ताप नको त्याने ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ लावावा. १८९७ चा हा लाल गुलाब काटेकोर हायब्रिड टी नव्हे, फूल मान टाकतं, पण वास सुरेख आणि झाड चिवट.

पावसाळी मुलखासाठी खरं उत्तर पैदाशीतूनच येईल. कोडाईकनालचे एम. एस. विराराघवन यांनी सनदी नोकरी सोडून त्यासाठीच आयुष्य घातलं. भारतातलीच ‘रोझा क्लिनोफिला’ ही रानटी जात पाणथळ जागी, पुराच्या पाण्यातही उभी राहते. तिचं आणि ईशान्येकडच्या ‘रोझा जायगँटिया’चं रक्त बागेतल्या गुलाबात आणायचं काम त्यांनी पत्नी गिरिजा यांच्यासह दशकानुदशकं केलं. अशी रोपं गावोगावच्या टेम्पोत येतील तेव्हा येवोत. तोवर दसऱ्याची वाट पाहणं आलं.

दसऱ्याच्या सुमाराला, परतीचा पाऊस थांबला की छाटणी करावी. वाळलेलं, रोगट, एकमेकांवर घासणारं सगळं काढून चार-पाच जोमदार फांद्या गुडघ्याएवढ्या ठेवाव्यात. काप बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर, डोळ्यामागे उतरता. गाभा पांढरा दिसेपर्यंत खाली यावं. तपकिरी दिसला तर शेंडेमर अजून आत आहे, आणखी कापावं. मग मलम. आठवड्याने शेणखत आणि मूठभर नीमपेंड, तीन आठवड्यांनी शेंगपेंड आठवडाभर भिजवून गाळलेलं पातळ पाणी. छाटणीपासून दीड-पावणेदोन महिन्यांत पहिला बहार येतो, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर. मुख्य कळीच्या बगलेतल्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडल्या तर मधली कळी खरी हायब्रिड टी दिसते. देवाला रोज फूल हवं असेल तर खुडू नका, लहान फुलं जास्त मिळतील. कलमाच्या गाठीखालून येणारे खुंटाचे फुटवे मात्र दिसताक्षणी मुळापासून ओढून काढावेत, वरून कापले तर दुप्पट जोराने येतात.

हिवाळ्यात बुरशी बदलते. भुरीला ठिपक्यासारखं ओलं पान लागत नाही. गार, दमट रात्र आणि कोरडा दिवस पुरतो. कोवळ्या पानावर पिठासारखा थर दिसला की पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, तेही सकाळी. फेब्रुवारीनंतर ऊन तापलं की फुलकिडे येतात, पाकळ्यांच्या कडा करपतात, वासही पातळ होतो. मग सुरंगी फुलते आणि बायकांच्या केसांत तिचेच वळेसर दिसू लागतात. त्या वासापुढे गुलाबाने मार्चमध्ये स्पर्धा करू नये हेच बरं. वानरांचा बंदोबस्त विचाराल तर जाळीखेरीज दुसरा इलाज नाही, आणि जाळीत गुलाबाची शोभा काय राहायची ती राहते.

पाऊस एका कामात मात्र गुलाबाच्या उपयोगी पडतो. मल्टिफ्लोराची पेन्सिलएवढी काडी जुलैत जमिनीत खोचली की हमखास मूळ धरते. हायब्रिड टी सडतो त्याच पावसात त्याचा खुंट तयार होतो. जानेवारीत शेजारपाजारच्या बागांतली फुलं हुंगून जी आवडेल तिचा, नुकतं फूल येऊन गेलेल्या फांदीवरचा, टपोरा डोळा मागून घ्यावा. पान कापून देठाचा तुकडा तेवढा ठेवावा. खुंटाच्या सालीला जमिनीपासून तीन-चार बोटं वर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन डोळा आत सरकवावा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने डोळा उघडा ठेवून घट्ट बांधावं. पंधरा दिवसांनी त्या देठाला बोट लावून पाहावं. देठ पिवळं होऊन अलगद गळून पडलं तर डोळा धरला. काळं पडून तिथेच चिकटून बसलं असेल तर गेला; फेब्रुवारी संपायच्या आत खुंटाच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा भरता येतो.